मदत हवी आहे : गांधीलमाशीच्या कंबरेला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरला राहते, शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. पोरांसाठी देठांचा एक चार्ट करतेय. पानांचं जमलं, पिंपळाचा लांब देठ ज्यामुळं पान जरा वाऱ्यानं सळसळतं, पपईचा पोकळ देठ ज्याची पोरं पिपाणी करतात, ते सगळं झालं. अडलंय ते किड्यांपाशी.

आमच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीनं (गांधीलमाशीचाच एक प्रकार) मातीचं घरटं केलंय, काल ती तोंडात चिखलाची गोळी घेऊन बसली होती तेव्हा अगदी जवळून बघितलं, छाती आणि पोट यांच्यामधी नुसता दोऱ्याएवढा पिवळा देठ! आणि एवढ्या बारीक नळीतनं अन्ननलिका, मज्जातंतू, रक्त सगळंच जातं, म्हणून पूर्ण वाढलेली माशी मध-रस असलं पातळच पिते आणि कोळी पकडते ते पिल्लांसाठी. तीच कंबर असल्यामुळं पोट वळवून नांगी नेमकी मारता येते.

इंग्रजीत पानाचा देठ आणि ही कंबर दोन्हीला पेटिओलच म्हणतात. मग मराठीत पण देठच लिहू का? की पोरांचा गोंधळ होईल? तुमच्या गावाकडं वेगळा शब्द असला तर सांगा ना प्लीज.

आणि मुंग्यांचं पण, मुंगळ्याच्या कंबरेला एकच गाठ आणि चावऱ्या लाल मुंगीला दोन असतात, त्याचा भिंगातनं काढलेला क्लिअर फोटो कुणाकडं असेल तर टाका, माझ्या मोबाईलवर नुसतं धुरकट येतंय. सोमवारी चार्ट लावायचाय.