सल्ला हवा: मॅकची जुनी हार्डडिस्क विंडोजवर उघडेना, नुसतं 'फॉरमॅट करा' म्हणतंय

रविवार_कारंजा

नमस्कार मंडळी, जरा अडलंय म्हणून विचारतोय.

आमचे मोठे काका फोटोग्राफर. पंचवटीत स्टुडिओ होता, आता बंद केलाय. सगळा कारभार आयमॅकवर. तो आयमॅक गेल्या पावसाळ्यात कायमचा बसला. त्याला जोडलेली २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क मात्र शाबूत दिसते. लावली की दिवा लागतो, फिरल्याचा आवाज येतो, खडखड वगैरे काही नाही. त्यात २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो आहेत, रामकुंडावरचे आणि त्र्यंबकचे. शिवाय लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ. २०२७ च्या सिंहस्थाआधी जुन्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं काकांच्या डोक्यात बसलंय.

माझ्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप. डिस्क लावली की 'वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' अशी पाटी येते. मी कॅन्सल करून डिस्क काढून ठेवली. एका दुकानात दाखवली, तर त्यांनी उभ्या उभ्या 'करप्ट आहे, रिकव्हरीला टाका' म्हणून सांगितलं आणि आकडा असा सांगितला की काका गप्पच झाले.

तर प्रश्न दोन. हे फोटो घरच्या घरी निघतील का? आणि पुढचं काम तिघं मिळून करणार आहोत: मी विंडोजवर, चुलत बहिणीकडे मॅकबुक, आणि एडिटिंग करणारा मित्र सातपूरला, तो उबंटूवाला, म्हणजे लिनक्स. तिघांत फिरवायला ४ टीबीची नवी डिस्क घ्यायचीय. ती कशात फॉरमॅट करू?

गोदाकाठचा_बंड्या

कॅन्सल केलंत हे झकास. ती पाटी म्हणजे डिस्क खराब झाल्याचा दाखला नव्हे. विंडोजच्या ओळखीची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) नसली की ते सरसकट हाच प्रश्न विचारतं. एनटीएफएस, फॅट३२, एक्सफॅट यांच्याशी त्याचं जमतं. मॅकच्या एचएफएस प्लस आणि एपीएफएसशी ओळख नाही, लिनक्सच्या ईएक्सटी४ शीही नाही.

डिस्क मॅनेजमेंट उघडून नुसतं बघा. सुरुवातीला २०० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन आणि मागे एक भलंमोठं पार्टिशन दिसलं, तर डिस्क मॅकवर फॉरमॅट झालेली आहे एवढाच त्याचा अर्थ. तिथे 'इनिशियलाइज' विचारलं तरी नको म्हणायचं.

२०१५ ची डिस्क असेल तर बहुतेक एचएफएस प्लसच. एपीएफएस आलं २०१७ मध्ये, मॅकओएस हाय सिएराबरोबर. हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे, कारण एचएफएस प्लस १९९८ पासूनचं, ते वाचायची साधनं भरपूर. विंडोजवर एचएफएसएक्सप्लोरर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. जावा लागतं, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. ते फक्त वाचतं, डिस्कवर काही लिहीत नाही, म्हणून तुमच्या कामाला उत्तम. मॅकड्राइव्ह आणि पॅरागॉनची विकतची साधनंही आहेत, पण एकदाच उपसा करायचा तर कशाला पैसे घालायचे?

पाथर्डी_फाटा

एचएफएसएक्सप्लोरर मीही वापरलंय. चार फोल्डर काढायला ठीक. २ टीबी उपसायला मी तरी त्याच्या वाटेला जाणार नाही, फार कंटाळवाणं काम आहे. सातपूरचा मित्र उबंटूवाला आहे ना? मग त्याच्याकडेच डिस्क न्या. नाहीतर पेनड्राइव्हवर उबंटू टाका, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय उबंटू' निवडा. तुमच्या विंडोजला धक्का लागत नाही.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, एचएफएस प्लसचा ड्रायव्हर आहेच. मॅक सहसा जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवायची सोय) चालू ठेवून फॉरमॅट करतो आणि अशी डिस्क लिनक्स केवळ वाचण्यापुरती उघडतं. लोक याला अडचण म्हणतात, पण दहा-अकरा वर्षांची एकुलती एक प्रत हातात असताना याहून चांगली सोय कोणती? चुकून काही डिलीट व्हायचा प्रश्नच नाही.

एखाद्या फोल्डरवर कुलूप दिसलं तर घाबरू नका. मॅकवरचा वापरकर्ता क्रमांक सहसा ५०१ असतो, उबंटूवर १००० पासून सुरू होतो, त्यामुळे मालकी जुळत नाही. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याने उघडा, उघडेल.

जेलरोडचे_आजोबा

काका आयफोटो किंवा अॅपर्चर (मॅकवरची फोटो सांभाळायची सॉफ्टवेअरं) वापरत होते का, ते आधी विचारून घ्या. मॅकवर ती लायब्ररी एकच फाइल असल्यासारखी दिसते, इतर ठिकाणी ती साधं फोल्डर म्हणून उघडते. आत 'मास्टर्स' नावाच्या फोल्डरमध्ये मूळ फोटो असतात. थंबनेलच्या फोल्डरात घुसून 'फोटो लहान झाले' म्हणत बसू नका. आमच्याकडे घरात यावरून दोन दिवस वाद चालला होता.

रविवार_कारंजा

काकांना विचारलं, अॅपर्चरच! धन्यवाद आजोबा. शनिवारी मित्राकडे जातोय. नव्या डिस्कचं काय करू ते सांगा. दुकानदार म्हणतो, एनटीएफएसच घ्या, तेच टिकतं.

गोदाकाठचा_बंड्या

बहिणीचं मॅकबुक एनटीएफएस वाचेल, पण त्यावर लिहिणार नाही. मॅकओएसमध्ये लिहायची सोय दिलेलीच नाही, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. तिला फक्त बघायचं असेल तर चालून जाईल. काम करून परत द्यायचं असेल तर एक्सफॅट. तिन्हीकडे वाचता येतं, लिहिता येतं. लिनक्सवर पूर्वी त्यासाठी वेगळं पॅकेज टाकावं लागायचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचं स्पेसिफिकेशन खुलं केलं आणि २०२० च्या ५.७ कर्नलपासून चांगला ड्रायव्हर आतच येतो.

फॅट३२ चा विचारही करू नका. एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ म्हटल्यावर हळदीतच ४ जीबी संपतात.

अंबड_एमआयडीसी

फॅट३२ ला इतकं हिणवू नका राव. आमच्या शॉपमधल्या जुन्या व्हीएमसीला (धातू कापायच्या कॉम्प्युटरी मशीनला) अजून छोटा फॅट३२ पेनड्राइव्हच लागतो, दुसरं काही लावलं की कंट्रोलर ढिम्म. ऑपरेटरने तो पेनड्राइव्ह दोऱ्याने मशीनला बांधून ठेवलाय.

पाथर्डी_फाटा

बंड्याशी मी अर्धाच सहमत. एक्सफॅट तिन्हीकडे चालतं हे खरं, पण त्याला जर्नलिंग नाही. कॉपी चालू असताना लाइट गेली किंवा कोणी केबल ओढली, तर एनटीएफएस, एपीएफएस, ईएक्सटी४ बरेचसे सावरून घेतात. एक्सफॅटमध्ये फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात. आपल्याकडे लाइटचा भरवसा सांगायला नको. एक्सफॅट फिरवाफिरवीला घ्या, पण फोटोंची कायमची जागा म्हणून नको. आणि काढताना 'इजेक्ट' करायचंच, मित्र कितीही घाईत असला तरी.

फॉरमॅट विंडोजवर करा. मॅकवर करायची वेळ आली तर डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' निवडून वरची पूर्ण डिस्क घ्या आणि स्कीम (पार्टिशनची मांडणी) जीयूआयडी ठेवा. तिथे अॅपल पार्टिशन मॅप राहून गेला, तर आत एक्सफॅट असूनही विंडोज पुन्हा 'फॉरमॅट करा' म्हणून दारात उभं.

कॉलेजरोड_नाइटशिफ्ट

डिस्क फिरवायचीच कशाला पण? एका मशीनवर फोल्डर शेअर करा, बाकीचे नेटवर्कवरून घेतील. फाइल सिस्टिम कोणती ही काळजी फक्त ज्या मशीनला डिस्क लावलीये त्याला असते. पलीकडच्याला ती दिसतही नाही. मित्राच्या उबंटूवर साम्बा (विंडोज-मॅकशी फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर) टाका आणि डिस्क बिनधास्त ईएक्सटी४ ठेवा. विंडोज आणि मॅक दोन्ही त्यात लिहितील. वायफायवर मात्र नको, गिगाबिट राउटरला लॅनची केबल लावा. सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो, २ टीबी पाच-सहा तासांत जातात.

रविवार_कारंजा

तिघं तीन टोकांना आहोत हो. मी जुन्या नाशकात, बहीण गंगापूर रोडला, मित्र सातपूरला. डिस्क स्कूटरच्या डिकीतूनच फिरणार.

कॉलेजरोड_नाइटशिफ्ट

मग एक्सफॅट. पण पाथर्डीकरांचं ऐका, मित्राच्या पीसीवर एक पूर्ण प्रत ठेवाच.

म्हसरूळकर

धाग्यातच विचारतो, नवा काढत नाही. माझं उलटं आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट, म्हणजे लिनक्स. मिंटमधून विंडोजचं डी ड्राइव्ह उघडतं, पण काही सेव्ह करू देत नाही. आणि जुन्या पीसीची ईएक्सटी४ हार्डडिस्क विंडोजमधून वाचायची असेल तर?

पाथर्डी_फाटा

पहिल्याचं कारण बहुतेक फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि एनटीएफएस 'अजून वापरात आहे' अशा अवस्थेत राहतं. लिनक्स ते ओळखून लिहायला नकार देतं, आणि ते बरोबरच करतं. शिफ्ट दाबून शटडाउन करा, किंवा कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. नेटवर 'एनटीएफएसफिक्स चालवा' असं सांगणारे भेटतील. ते विंडोजच्या चेकडिस्कची जागा घेत नाही. दुरुस्ती विंडोजमध्येच करायची.

लॅपटॉप नवा असेल तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे का तेही बघा. विंडोज ११ होमवरही ते 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने न विचारता सुरू झालेलं असू शकतं. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ती आजच कागदावर उतरवून ठेवा.

ईएक्सटी४ साठी विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाका, त्यात 'माउंट'ची आज्ञा आहे. अॅडमिन म्हणून चालवायची. पूर्ण डिस्कच जोडली जाते, म्हणून ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे तिच्यावरचं लिनक्स पार्टिशन असं उघडत नाही. पेनड्राइव्ह आणि एसडी कार्डही चालत नाहीत. जुन्या पीसीची डिस्क काढून साटाला (पीसीच्या आतल्या हार्डडिस्कच्या जोडणीला) जोडलीत तर काम होईल. एवढी खटपट नको असेल तर डिस्कइंटर्नल्सचं लिनक्स रीडर घ्या, फुकट आहे आणि फक्त वाचतं.

रविवार_कारंजा

मंडळी, डिस्क उघडली! उबंटूला लावली आणि सरळ डेस्कटॉपवर आली. करप्ट वगैरे काही नाही. मास्टर्समध्ये सगळे मूळ फोटो जागेवर. काका तिथेच खुर्ची ओढून बसले, अजून उठले नाहीत.

आता नवीन फाटा फुटलाय. नवी डिस्क एक्सफॅट करून कॉपी लावली, तर बाकी सगळं जातंय, पण काही फोल्डरांवर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून अडतंय. नेमके शाहीस्नानाचे फोल्डर! त्यांची नावं उबंटूवर '२९:८ रामकुंड' अशी दिसताहेत. काका म्हणतात मी कोलन कधी टाकलाच नाही.

पाथर्डी_फाटा

काका खरं बोलताहेत. त्यांनी '२९/८ रामकुंड' लिहिलं असणार. मॅकच्या फाइंडरमध्ये नावात तिरकी रेघ चालते. लिनक्समध्ये ती रेघ फोल्डरचा रस्ता दाखवायला राखीव, म्हणून तिच्या जागी कोलन दिसतो. आणि कोलन एक्सफॅटला चालत नाही, विंडोजलाही नाही. प्रश्नचिन्ह, चांदणी, उभी रेघ, अवतरणचिन्ह यांचीही तीच गत.

जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलीये, म्हणून नाव तिथे बदलता येणार नाही, आणि बदलूही नका. नव्या डिस्कवर '२०१५-०८-२९ रामकुंड' असं फोल्डर करा आणि आतले फोटो त्यात कॉपी करा. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

गोदाकाठचा_बंड्या

बहिणीने ती डिस्क मॅकबुकला लावली की पुढे आणखी एक गंमत दिसेल. फोटोंच्या शेजारी ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या त्याच नावाच्या चिमुकल्या फाइली उगवतील. मॅक आपली जादाची माहिती एक्सफॅटवर अशी ठेवतो. विंडोजवर त्या उघडत नाहीत, म्हणून फोटो गेले असं समजू नका.

जेलरोडचे_आजोबा

लग्नाच्या फोल्डरांकडेही लक्ष ठेवा. मॅकवरच्या अशा एका डिस्कवरून आम्ही नेटवर्कने उबंटूवर फोटो आणले होते. काही आरसिंकने (फाइली कॉपी करायच्या साधनाने) थेट, काही विंडोजमार्गे. शेवटी 'नवऱ्याकडचे' नावाची दोन फोल्डर, अक्षर न् अक्षर सारखं. 'नवरीकडचे' मात्र एकच. एचएफएस प्लस 'ऱ' हे अक्षर फोडून साठवतं, 'र' वेगळा आणि खालचा नुक्ता वेगळा. विंडोजच्या कीबोर्डवरून ते एकसंध जातं. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. कॉन्व्हएमव्ही नावाच्या छोट्या साधनाने एनएफसीत (अक्षर एकसंध ठेवणाऱ्या युनिकोडच्या रूपात) बदलून घेतली की नावं एकसारखी होतात. दोन फोल्डर मात्र आधी उघडून बघा, आम्ही डुप्लिकेट समजून एक उडवणार होतो आणि वरातीचे फोटो नेमके त्यातच होते.

रविवार_कारंजा

तारखांचे फोल्डर गेले! काकांनी स्वतः बसून नावं टाकली. कॉपी पूर्ण झाली हे तपासायचं कसं? आणि जुनी डिस्क आता पुसून वापरायला घेऊ का, मित्र विचारतोय.

पाथर्डी_फाटा

मित्राला म्हणावं, हात लावू नकोस. आधी तिच्यावरून मित्राच्या पीसीवर ईएक्सटी४ मध्ये दुसरी प्रत घ्या, तिथे कोलनची अडचण येणार नाही. मग आरसिंक चेकसमचा (मजकूर ताडायचा) पर्याय लावून कोरडं, म्हणजे काही कॉपी न करता, चालवा. तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचून ताडून बघतो आणि फरक असेल तेवढ्याच फाइली दाखवतो. वेळ खातो, रात्रभर लावून झोपा. यादी रिकामी आली की जुनी डिस्क इजेक्ट करा, वर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि काकांच्या कपाटात ठेवा. मित्राला डिस्क हवी असेल तर वेगळी घेऊ दे.