हायड्रोजन मोटारींना द्यावा की कारखान्यांसाठी राखून ठेवावा?

धागालेखक:
हायड्रोजन हा जीवाश्म इंधनांना पर्याय आहे, असे सरसकट म्हटले जाते. माझ्या मते तो मोजक्याच कामांसाठी पर्याय आहे आणि प्रवासी मोटारी त्या कामांत बसत नाहीत. एक किलो हायड्रोजनमध्ये वापरण्याजोगी सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, पण पाण्याचे विद्युत विघटन करून तो मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते. पुढे तो ७०० बार दाबाखाली टाकीत भरणे आणि फ्युएल सेलमध्ये त्यापासून पुन्हा वीज करणे यांतली घट धरली, तर मूळ विजेपैकी जेमतेम एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते. बॅटरीच्या मार्गाने तीच वीज सुमारे तीन चतुर्थांश पोहोचते.

शिवाय जगात दरवर्षी नऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन आजही तयार होतो आणि तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू व कोळशापासून होतो. वायूपासून एक किलो हायड्रोजन बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खतांसाठीचा अमोनिया, तेलशुद्धीकरण आणि मिथेनॉल यांत खपणारा हा हायड्रोजन आधी स्वच्छ करावा, नवी गिऱ्हाइके नंतर शोधावीत.

प्रतिसाद १:
केवळ कार्यक्षमतेच्या तराजूत इंधन तोलणे मला मान्य नाही. पेट्रोलच्या इंजिनातही बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तरी ते शतकभर टिकले, कारण ते साठवता आणि वाहून नेता येते. वारा पडलेला असताना दोन-तीन आठवड्यांची वीज बॅटऱ्यांत साठवून ठेवणे परवडणार नाही. मिठाच्या थरांत कोरलेल्या भूमिगत पोकळ्यांत हायड्रोजन मात्र महिनोन्महिने ठेवता येतो. इंग्लंडमधील टीसाइड येथे १९७०च्या दशकापासून तो तसा साठवला जात आहे.

धागालेखक:
साठवणुकीचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. माझा आक्षेप मोटारींपुरता आहे. पेट्रोलमध्ये वाया जाते ती जमिनीतून आयती मिळालेली ऊर्जा. इथे वाया जाईल ती पवनचक्क्या आणि सौरपटल उभारून मिळवलेली वीज, आणि स्वच्छ वीज अजून सगळ्यांना पुरेशी नसताना दुपटीहून जास्त सौरपटले उभारून तेवढेच अंतर कापणे मला समर्थनीय वाटत नाही.

प्रतिसाद २:
रेल्वेचा अनुभव धागालेखकांच्या बाजूने बोलतो. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात २०१८मध्ये हायड्रोजनवरील प्रवासी गाडी धावू लागली आणि २०२२मध्ये तिथला एक संपूर्ण मार्ग अशा गाड्यांवर चालू लागला. पण पुढील खरेदीसाठी त्याच राज्याने बॅटरीच्या गाड्या पसंत केल्या. याउलट पोलाद बनवताना कोळशाला पर्याय कमी आहेत. झोतभट्टीत कोळसा नुसती उष्णता देत नाही, तो लोहखनिजातील ऑक्सिजनही काढून घेतो. तेच काम हायड्रोजनने केले की कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये लुलेआ येथील प्रायोगिक प्रकल्पाने हे करून दाखवले आहे.

प्रतिसाद ३:
घरगुती वायूच्या नळांत हायड्रोजन मिसळण्याच्या योजनांना माझा स्पष्ट विरोध आहे. आकारमानाने २० टक्के मिसळला, तरी आकारमानामागे त्याची ऊर्जा मिथेनच्या (नैसर्गिक वायूतील मुख्य घटकाच्या) एक तृतीयांशाच्या आसपास असल्याने उत्सर्जन केवळ सहा-सात टक्क्यांनी घटते. तो काही पोलादांना ठिसूळ करतो, फटींतून सहज निसटतो आणि तापमान वाढवणाऱ्या मिथेनला हवेत अधिक काळ टिकू देतो. गळती मोजण्याची सक्ती परवान्यातच असली पाहिजे.

प्रतिसाद १:
मिश्रणाचे समर्थन मीही करत नाही. मात्र वाहनांना एकजात वगळू नका. दिवसभर थांबायला वेळ नसलेल्या खाणींतील अवजड डंपरसारख्या वाहनांचा विचार वेगळा व्हायला हवा, कारण तिथे बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ हेच मोठे अडथळे ठरू शकतात.

धागालेखक:
डंपर ठरावीक आवारातच फिरत असल्याने त्यांना वरून तारेने वीज देणेही शक्य आहे. हा पर्याय तपासून तो अपुरा ठरला, तर तिथे हायड्रोजन वापरायला माझी हरकत नाही.