वरणभाताला आंबेमोहोरच हवा, इंद्रायणी चालवून घेऊ नका

मुळशीची_लेक
परवा दुकानातून आंबेमोहोर म्हणून पाच किलो तांदूळ आणला. दाणा आखूड, बारीक, दिसायला अगदी तसाच. कुकर उघडला तर वासाचा पत्ता नाही. माहेरी पौडजवळ चुलीवर भात रटरटायला लागला की ओसरीवर बसलेल्याला कळायचं, आंब्याला मोहोर आल्यासारखा वास यायचा. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी त्याच्या नावाखाली दुसरंच काहीतरी खपवतात. माझं मत स्पष्ट आहे. वरणभात, लहान बाळाचा मऊ भात, आजाऱ्याची पेज यांना आंबेमोहोरच हवा. इंद्रायणीवर समाधान मानत गेलो म्हणूनच खरा तांदूळ मिळेनासा झालाय.

मावळचा_भातकरी
ताई, इंद्रायणीला परकी करू नका. ती आंबेमोहोराचीच लेक. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या दोन भातवाणांच्या संकरातून ती झाली, १९८७ साली. आंबेमोहोराचा ताटा उंच वाढतो. लोंब्या भरल्या आणि परतीचा पाऊस आला की सगळं खाचर आडवं. पाण्यात लोळलेल्या दाण्याला शेतातच कोंब फुटतात, ते बघवत नाही. उतारा आधीच कमी, त्यात हे. इंद्रायणीने आमच्या मुलांच्या फिया भरल्या आहेत.

डोंबिवलीची_काकू
आणि प्रत्येक भाताला आंबेमोहोर चालत नाही हेही सांगा. मसालेभाताला घातलात तर डावाने दोनदा हलवल्यावर दाणा मोडतो, तोंडल्याच्या फोडी लगद्यात रुततात. तिथे जुना कोलमच. उकडीच्या मोदकांना मी दोन वाट्या नवा इंद्रायणी आणि एक वाटी आंबेमोहोर घेते. धुऊन सावलीत कापडावर वाळवायचा आणि बारीक दळून आणायचा. इंद्रायणीच्या चिकटपणामुळे पारी चिरत नाही, कळ्या पातळ येतात. आंबेमोहोर फक्त वासापुरता.

मुळशीची_लेक
काकू, मसालेभाताचं मान्य, मीही कोलमच घेते. पण ‘वासापुरता’ नाही हो! पेज करून बघा. मूठभर आंबेमोहोर भरपूर पाण्यात मंद आचेवर ठेवा, दाणा आपोआप विरघळतो आणि पेज दुधासारखी दाट होते. वर मीठ आणि तुपाचा थेंब. सासूबाई आजारी असताना आठ दिवस त्यांच्या पोटात एवढंच टिकलं. इंद्रायणीची पेज मला गोंदासारखी लागते.

परसबागवाली
वासासाठी एवढा खर्च कशाला? कुंडीत अन्नपूर्णा लावा, काहीजण तिला बासमतीचं पान म्हणतात. साध्या कोलमात एक पान गाठ मारून टाकलं की तोच वास. शास्त्रही तेच सांगतं, सुवासिक तांदळात आणि त्या पानात वास देणारं मुख्य द्रव्य एकच आहे. महिन्याचं वाणसामान मोजून भरणाऱ्या घरात हाच उपाय परवडतो.

मुळशीची_लेक
पान माझ्याकडेही आहे, छान आहे. पण पानाने कोलमचा भात वरणाला धरून राहत नाही. गरम भाताची मूद, त्यावर साधं वरण, तूप, लिंबू. घास बोटांत जुळून यायला हवा. तो आंबेमोहोराचाच जुळतो.

मावळचा_भातकरी
जुळतो, हे मी कधी नाकारलं? घरच्यापुरता पाच गुंठे आंबेमोहोर मीही लावतो, बियाणं वडिलांच्या वेळेपासूनचं. पण बाजारासाठी लावायचा तर गिऱ्हाइकाने इंद्रायणीच्या भावात मागू नये. इथे तेच होतं. लोक दाणे हुंगतात, वा वा करतात आणि भाव ऐकून इंद्रायणीचं पोतं उचलतात.

मुळशीची_लेक
दादा, भाव तुमचा. दिवाळीनंतर झोडणी झाली की सांगा, वीस किलो माझे धरा. हातसडीचा असेल तर आधी तो.

डोंबिवलीची_काकू
माझेही पाच. मोदकांत मात्र इंद्रायणी राहणारच.