सत्तरी-सांगेत फोटो काढायचे आहेत: शिगमा, कातळशिल्पं आणि पावसाळा

डोंगरपायथा, फोंडा

नमस्कार मंडळी. फाल्गुनापासून श्रावणापर्यंत गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांच्या आतल्या गावांत फोटो काढायचा बेत आहे. शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे, शहरातले चित्ररथ नकोत. गावच्या मांडावरचं (कार्यक्रमाच्या पवित्र जागेवरचं) नमन म्हणजे सुरुवातीची प्रार्थना, रोमटामेळ म्हणजे ढोलाच्या तालावरची मिरवणूक, आणि कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतात ती घोडेमोडणी हवी. त्याशिवाय कुशावती नदीकाठची कातळशिल्पं, घाटाखालचा मुलूख आणि पावसातली भातशेती. सामान साधं आहे: क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८-५५, एक ५० एमएम एफ/१.८ आणि ट्रायपॉड.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गावात परवानगी नेमकी कोणाची घ्यायची? चुडीच्या, म्हणजे पेटत्या जुडीच्या, उजेडात फ्लॅशशिवाय नाच कसा टिपायचा? आणि कातळशिल्पाच्या रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून काय करायचं? पावसाची काळजीही कोणी सविस्तर सांगितली तर बरं होईल.

मांडावरची, वाळपई

परवानगीच्या आधी तारखेचं बघा. चित्ररथांच्या मिरवणुकीच्या तारखा सरकार जाहीर करतं, त्यावरून गावचा शिगमा कळत नाही. धाकटो शिगमो पौर्णिमेला आटोपतो, व्हडलो पौर्णिमेला सुरू होतो, आणि सत्तरी, सांगे, डिचोली, पेडणे या बाजूला व्हडलोच चालतो. कोणत्या रात्री काय, ते गाव ठरवतं. सुतक पडलं तर कार्यक्रम पुढे जातो किंवा राहतो. त्यामुळे दोनेक आठवडे आधी कॅमेरा न घेता एक फेरी मारा आणि फोन नंबर घेऊन या.

पंचायतीचा कागद मांडावर चालत नाही. विचारायचं ते गावकारांना (गावच्या मानकऱ्यांना) आणि देवस्थान समितीला, आणि देवळात गुरवाला. नुसतं ‘फोटो काढू का’ म्हणू नका. कुठे उभा राहणार, फ्लॅश मारणार नाही, चित्रं कुठे लावणार की कुठे टाकणार, हे तीन मुद्दे स्पष्ट सांगा. बहुतेक ठिकाणी लोक स्वतःच ‘इथून काढा, तिथून नको’ असं दाखवतात, आणि ती जागा सहसा खरंच चांगली असते, कारण नाच कुठून कुठे वळणार हे त्यांना पाठ असतं.

मांडावर पायातलं काढून जायचं. तरंगं (देवाचे सजवलेले खांब) आणि देऊळ यांच्या मधून आडवं जायचं नाही. गाऱ्हाणं चाललं असेल आणि कोणाच्या अंगात देवाचा भार आला असेल तेव्हा कॅमेरा खाली. परवानगी असली तरी खाली. साल गावचे गडे (शिगम्यातला रात्रीचा विधी) बघायला गेलात तर तिथे दिवे मालवलेले असतात. मोबाईलचा पडदासुद्धा पेटवायचा नाही, मग ऑटोफोकसचा लाल दिवा दूरच राहिला. धालो हे बायकांचे नाच-गाणी पौषात असतात आणि तो बायकांचा मांड. पुरुषाने तिथे कॅमेरा घेऊन जाण्याचा आग्रह धरू नये. घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या बाईला फोटो काढायला शिकवून पाठवा, तेही मांडावरच्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून.

पैसे देऊन कोणाला जुनं कापड नेसवून उभं करू नका. रोजच्या साडीत, मॅक्सीत, शर्टात जे दिसतं तेच त्या गावाचं आजचं चित्र आहे. मुलांचे फोटो आईबापांना विचारून. ओळी लिहिताना गावडा, कुणबी, वेळीप, धनगर-गवळी ही नावं एकमेकांच्या जागी टाकू नका. समोरचा स्वतःला काय म्हणवतो ते विचारून लिहा. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुमेरीची (डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीची) जमीन, रानाच्या कडेची घरं, देवराई यांचे फोटो टाकताना जीपीएसची नोंद काढून टाका. रानातल्या जमिनीवर हक्क मागणारे, २००६च्या वनहक्क कायद्याखालचे कितीतरी दावे अजून निकालात निघालेले नाहीत. अशा वेळी ‘जंगल जाळून शेती’ असल्या ओळीखाली एखाद्या कुटुंबाच्या शेताचा नेमका ठावठिकाणा उघडा पडणं त्यांना महागात जाऊ शकतं.

फोटो परत द्यायचे. चार बाय सहाचे प्रिंट काढा आणि चवथीला नेऊन द्या, तेव्हा बाहेरगावची माणसंही घरी असतात. पुढच्या वर्षी परवानगी मागायची वेळ सहसा येत नाही.

रातदिवा, डिचोली

आता उजेडाचं. चूड किंवा मशाल साधारण दोन हजार केल्विनच्या आसपास जळते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल, म्हणून ३००० ते ३२००वर पक्का करा आणि रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढा. थोडा तांबूसपणा राहू द्या, चूड पांढरी दिसली की रात्रच जाते.

५० एमएम एफ/२वर, शटर १/१६०, आयएसओ ३२०० इथून सुरुवात करा. चूड चारेक हातांवर असेल तर एवढ्यात चेहरा निघतो. लांब गेली की ६४००. मीटरवर विसंबू नका, ज्योत फ्रेममध्ये आली की तो सगळं काळं करतो. मॅन्युअलवर ठेवून चुडीजवळच्या गालावरची कातडी बघा. ज्योत जळून पांढरी झाली तरी चालेल, गाल जळता कामा नये. ढोलवाल्याचा हात फिरताना दिसायला हवा असेल तर १/३०, आणि स्वतः भिंतीला किंवा खांबाला टेकून.

मंडपात एलईडी ट्यूब असतील तर फ्रेममध्ये आडवे पट्टे येतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. तिथे १/१०० किंवा १/५० धरा, आणि सायलेंट शटर बंद करा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पट्टे जास्त येतात.

घोडेमोडणीला १८-५५ची रुंद बाजू लागते. कमरेला बांधलेला लाकडी घोडा पुढे बराच बाहेर येतो, समोरून काढलात तर घोड्याचं तोंड मोठं आणि माणूस मागे बारीक असं होतं. तिरकं, अर्ध्या बाजूने उभे राहा, २४ ते ३५च्या मध्ये. तलवार वर जाते तेव्हा डोक्यावर मोकळी जागा सोडलेली असू द्या, नाहीतर पातं फ्रेमबाहेर जातं. मोडणी शिवेकडे जाऊन परत येते. त्या वाटेवर ट्रायपॉड लावायचा नाही.

गुलाल हा लेन्सचा शत्रू. तिथे लेन्स बदलूच नका. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून लेन्सपाशी रबर लावा. घरी आल्यावर आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रशने. कापड सर्वांत शेवटी. कोरडा गुलाल कापडाने पुसला की काचेवर चरे पडतात.

कुशावतीकाठ, रिवण

कुशावतीकाठच्या पणसायमळच्या कातळशिल्पांबद्दल. १९९३मध्ये पुरातत्त्वाच्या लोकांना ती कळली. सपाट जांभ्यावर कोरलेली आहेत आणि खोबणीचा रंग आजूबाजूच्या दगडासारखाच, त्यामुळे दुपारी वरून ऊन पडलं की रेष दिसतच नाही. उजेड दगडाला जवळजवळ घासून आला पाहिजे. उगवतीनंतरचा आणि मावळतीआधीचा तास धरा. काठावर झाडं आहेत म्हणून नेमकी वेळ जागेवर जाऊन बघावी लागते.

ढग असले किंवा वेळ चुकली तर साधी टॉर्च पुरते. कॅमेरा ट्रायपॉडवर, शिल्पाच्या जितका डोक्यावर नेता येईल तितका. आयएसओ १००, एफ/८, मॅन्युअल फोकस, दोन सेकंदांचा टायमर. टॉर्च जमिनीपासून साधारण पंधरा अंशांवर, शिल्पापासून दोनतीन मीटर लांब. कॅमेरा न हलवता आठ दिशांनी आठ फ्रेम. बैलाची पाठ एका दिशेने उठते, शिंगं दुसऱ्या. चक्रव्यूहासारख्या वर्तुळाला तर एका बाजूचा उजेड पुरतच नाही, कारण उजेडाच्या दिशेने धावणाऱ्या रेषा सावली टाकत नाहीत. दहा सेंटिमीटरची पट्टी एका फ्रेममध्ये ठेवा, नाहीतर आकार कळत नाही.

खडूने रेषा भरणं, पाणी ओतणं, गाळ खरवडणं यातलं काहीही नाही. जांभा ठिसूळ असतो, ट्रायपॉडला लोखंडी टोकं असतील तर रबराची बूच चढवा. पावसात नदी चढते, काही भाग पाण्याखाली जातो आणि उरलेल्यावर शेवाळ धरतं. दिवाळी ते एप्रिल हा काळ चांगला.

जळू, चोर्ला रस्ता

पावसाचं. भिजण्यापेक्षा बुरशी जास्त लेन्स खाते. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. घट्ट झाकणाचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०मध्ये हवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीडदोन तास. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नका.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की काच आतून-बाहेरून धुरकट होते. पोचायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करा, पिशवी बंदच ठेवा. धुक्यात मीटर फसतो, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा.

सड्यावरची (डोंगरावरच्या जांभ्याच्या पठारावरची) फुलं आणि दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती ऑगस्ट-सप्टेंबरात. गुडघे टेकण्याआधी जागा नीट बघा, पायाखाली तीच झाडं असतात, आणि झुडपात चापडा हा विषारी सापही असतो. धबधब्यांवर जाण्याआधी वन खात्याची बंदी आहे का ते विचारा. वर घाटात पडलेला पाऊस खाली दिसत नाही, पाणी मात्र एकदम येतं.

सत्तरीत २०१५पासून माकडताप आढळला आहे. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका तुमचा शिगमा. तो गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्या, पॅंट मोज्यात खोचलेली, अंगावर किडे पळवणारं तेल. पालापाचोळ्यावर बसून फोटो काढायचा नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला.

डोंगरपायथा, फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचं. एकच राहिलं. घाटाच्या भिंतीसाठी २५० ग्रॅमखालचा ड्रोन आणावा का? आणि तांबडी सुर्लाच्या देवळात ट्रायपॉड चालतो का?

जळू, चोर्ला रस्ता

२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण झोनचे नियम लागतातच; डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघा, हिरव्या झोनमध्येही ४०० फुटांची मर्यादा आहे. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं आहेत, १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८खाली तिथे फोटोसाठीही परवानगीची तरतूद आहे, मग ड्रोनला लेखी परवानगी हवीच. आणू नका असंच मी म्हणेन.

त्यापेक्षा वेळ साधा. सत्तरी सह्याद्रीच्या पश्चिमेला, त्यामुळे पायथ्याच्या गावांत सूर्य कड्यामागून उशिरा वर येतो. आभाळ उजळलेलं आणि शेतं सावलीत, अशा वेळी घाट काढू नका, अंगण, धूर, गोठा काढा. कड्यावर थेट ऊन दुपारनंतर पडतं. ऑक्टोबर ते जानेवारी हवा स्वच्छ, मार्चनंतर धुरकट.

तांबडी सुर्लाचं देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. हातात धरून फोटो चालतात, ट्रायपॉडला आधी लेखी परवानगी काढावी लागते. देऊळ पूर्वाभिमुख आहे, पण पूर्वेला डोंगर, म्हणून सकाळी ऊन खांबांपर्यंत यायला वेळ लागतो. पोचल्या पोचल्या परतू नका, आठनंतरही थांबा.