रविवारची सायकल: महूपासून जाम गेट

बी-३०१ (काकू): नमस्कार मंडळी. पाऊस ओसरलाय, शेतं हिरवीगार आहेत. आपल्या इंदूरच्या सोसायटीतली १३ ते १६ वयाची मुलं आणि चार-पाच मोठे, असं रविवारी सायकलनं बाहेर पडायचं म्हणताहेत. चोरल, तिंछाचा धबधबा की आणखी कुठे? माझी अट एकच, ट्रक नसलेला रस्ता हवा.

ए-१०२ (काका): मग चोरल आधीच बाद. तिकडे जायचं म्हणजे खंडवा रोड. सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो, वळणावरसुद्धा गाड्या ओव्हरटेक करतात आणि सायकलला बाजूला सरकायला जागा मिळत नाही. तिंछा सुरेख आहे, पण तिथवर पोचायलाही बराचसा तोच रोड.

डी-२०३: काका, जानापावचा डोंगर कसा राहील? चंबळचा उगम आहे, मुलांना दाखवायला छान.

ए-१०२ (काका): दाखवायला छान, सायकलला नाही. साडेआठशे मीटरच्या आसपास उंची. आपलं इंदूर साधारण साडेपाचशेवर, म्हणजे जवळजवळ तीनशे मीटरचा फरक, आणि त्यातला मोठा भाग शेवटच्या चढणीवर एकदम अंगावर येतो. त्याआधी ए.बी. रोडचा (आग्रा-मुंबई) हायवे आहेच. मोठ्यांनी पहाटे लवकर निघून करावं, मुलांना घेऊन नको.

माझं मत: सायकली गाडीवर टाकून महूपर्यंत न्या आणि तिथून बडगोंद्याच्या रस्त्यानं जाम गेटकडे, म्हणजे घाटमाथ्यावरच्या जुन्या दरवाजाकडे निघा. हाच रस्ता पुढे मंडलेश्वरला उतरतो. महूची लष्करी छावणी मागे पडली की दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि मका, मग हळूहळू सागाचं जंगल. जड वाहनं कमी, रविवारी सकाळी तर फारच कमी. गर्दी होते ती नऊनंतर, सहलीच्या मोटारींची.

बी-३०१ (काकू): अंतर किती?

ए-१०२ (काका): इंदूरहून जाम गेट पन्नासेक किलोमीटर. घरापासून सायकल काढली तर जाऊन-येऊन शंभर होतात, ते मुलांना जड जाईल. महूपासून धरलं तर त्याच्या निम्मं. ज्यांना तेही जास्त वाटेल त्यांनी महूहून पाताळपाणी करावं, एका बाजूनं सहा-सात किलोमीटर. तिथे धबधब्याच्या पात्रात मात्र कुणी उतरायचं नाही. वर पाऊस झाला की इकडे कोरडं असतानाही लोंढा येतो. २०११ च्या जुलैत माणसं वाहून गेली ती अशीच.

सी-१०४: घाट आहे ना पण? परत येताना दमछाक होईल.

ए-१०२ (काका): घाट गेटाच्या पलीकडे आहे, हेच नीट समजून घ्या. माळव्याचं पठार जाम गेटापाशी संपतं आणि खाली निमाड सुरू होतं. पलीकडे पडलेलं पाणी नर्मदेकडे जातं. त्यामुळे महूपासून गेटापर्यंत छोटे चढ, छोटे उतार, कुठेही छाती फुटत नाही. गेट ओलांडलं की रस्ता नागमोडी खाली पडतो. उतरायला काही लागत नाही, पण जेवढं उतरलात तेवढं चढून परत यायचं, तेही दहा-अकराच्या उन्हात, आणि निमाडचं ऊन वरच्यापेक्षा कडक. म्हणून नियम करून टाका: गेटाशी वळायचं. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा आहे, त्यावरून खालची दरी पूर्ण दिसते. तेवढ्यासाठीच जायचं.

डी-२०३: आम्ही दोघं-तिघं महेश्वरपर्यंत उतरायचं म्हणतोय.

ए-१०२ (काका): उतरा, पण खाली पिकअप आधीच ठरवून ठेवा. "बस मिळेल, टपावर टाकू" यावर जाऊ नका.

ई-४०४ (ताई): आणि उतरणार असाल तर ब्रेक आज तपासा, शनिवारी रात्री नाही. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलपासून निदान दोन बोटं लांब राहिली पाहिजे. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारा) असेल तर पॅडवरच्या खाचा बघा. खाचा दिसत नसतील तर पॅड संपलंय, आजच बदला. पॅडमध्ये बारीक चमकणारे कण दिसले तर ते रिमचं ॲल्युमिनियम आहे, सुईनं काढून टाका, नाहीतर रिम खरवडत जाते.

घाटात ब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबा, वेग उतरला की सोडा, पुन्हा दाबा, आणि दोन्ही ब्रेक एकत्र. सतत घासत राहिलं की रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. डिस्कवाल्यांनी खाली थांबल्यावर डिस्कला बोट लावायचं नाही, कातडी चिकटते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. पावसानंतर वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी वाहून येऊन साचलेली असते, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच. ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे ब्रेक लागतच नाही, म्हणून गरज पडायच्या आधी हलका दाबून पाणी पुसून घ्या.

सी-१०४: ताई, हवा किती भरायची? आमच्याकडे एक रोड बाइक आणि एक जाड टायरची आहे.

ई-४०४ (ताई): २८ मिमीचा टायर आणि ७० किलोच्या आसपासचं वजन असेल तर मागे ७५, पुढे ७० पीएसआय. हायब्रिडचा ३८ चा टायर: मागे ५५, पुढे ५०. जाड २.१ इंची: डांबरावर ३५ ते ४०. मुलं हलकी, त्यांना यापेक्षा पाच-सात कमी. टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. रस्ता ओला असेल तर आणखी थोडी कमी. कडक टायर ओल्या डांबरावर उड्या मारतो, पकड जाते. सगळ्यांच्या व्हॉल्वचा प्रकार आधी बघून घ्या. बारीक प्रेस्टा आणि जाड श्रेडर, दोन्हींना चालणारा पंप एकाकडे तरी हवाच. गावातल्या पंक्चरवाल्याकडे प्रेस्टाचं नोझल बहुधा मिळत नाही.

ए-१०२ (काका): हवेवरून आठवलं, वाऱ्याचंही बघा. या दिवसांत वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. गेटाकडे जाताना तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून जाताना वेग कमी पडला तर मुलांना हाकू नका. लांब ओळ करून एकामागे एक, पुढचा दर दहा मिनिटांनी बदलायचा, सगळ्यात कमी दमाचं मूल मध्ये.

बी-३०१ (काकू): वाटेत पाणी साचलेलं असलं तर?

ए-१०२ (काका): रपटे लागतील, म्हणजे ओढ्यावरचे ठेंगणे काँक्रीटचे पूल. पाणी वाहतं आहे आणि तळाचं काँक्रीट दिसत नाही, तर सरळ मागे फिरायचं. "थोडंसंच आहे" हा विषयच नको. घोट्याच्या खाली आणि तळ दिसतोय, तर उतरून सायकल ढकलत. कोरड्या दिसणाऱ्या रपट्यावरही हिरवी बुळबुळ असते: पॅडल मारणं थांबवा, ब्रेक नको, हँडल सरळ, तसंच पार जाऊ द्या. रेल्वेचे रूळ लागले तर काटकोनातच ओलांडायचे, ओल्या रुळावर तिरकं चाक गेलं की माणूस खाली.

ई-४०४ (ताई): डांबर सोडून शेताच्या कच्च्या वाटेनं फोटोला जायचं नाही, हे मुलांना मी बजावून सांगेन. आपली काळी माती ओली असताना चाकाला लागली की थरावर थर चढतो. तीस-चाळीस पावलांत चाक धरणारा फोर्क आणि टायर यांच्यातली फट भरते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ज्यांना पूर्ण मडगार्ड आहे त्यांचं आधी अडकतं. अडकलंच तर झाडाची काडी घेऊन मागून पुढे खरवडा, चाक जोर लावून फिरवू नका. ब्रेकची केबल निसटते, गिअर बदलणारा डिरेलर वाकतो. घरी आल्यावर प्रेशरचं पाणी मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा.

चेनला निघायच्या आदल्या रात्री तेल. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवून मुरू द्या, आणि वरचं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढा. पुसलं नाही तर माती चिकटून चेन घासली जाते. शिवणयंत्राचं तेल नको, एका सरीत धुऊन जातं.

डी-२०३: रस्त्यावर आणखी काय सांभाळायचं?

ए-१०२ (काका): महूच्या आसपास, बेरछाच्या बाजूला लष्कराचं फायरिंग रेंज आहे. लाल झेंडा दिसला किंवा पाटी दिसली की त्या बाजूला वळायचं नाही, आणि जमिनीवर पडलेला धातूचा कसलाही तुकडा उचलायचा नाही. मुलांना हे दोनदा सांगा. गावातली कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. बहुतेक वेळा तिथेच सोडून देतात. जंगलाच्या पट्ट्यात कुणी एकटं मागे राहायचं नाही, सर्वांत शेवटी एक मोठं माणूस ठेवा.

बी-३०१ (काकू): निघायचं किती वाजता? खाण्याचं काय?

ए-१०२ (काका): सहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा चाक महूत फिरायला लागलं पाहिजे. म्हणजे इथून सव्वापाचला गाड्या हलल्या पाहिजेत. नऊच्या आत गेट सोडायचं. पोहे-जिलेबी परतल्यावर महूत, आधी नाही. भरल्या पोटी चढ नको.

ई-४०४ (ताई): सोबत माणशी दोन बाटल्या, तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. एका बाटलीत ओआरएस, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच, पातळ नको आणि घट्टही नको. केळी, शेंगदाण्याची चिक्की. भूक लागायची वाट न बघता पहिल्या चाळीस मिनिटांत थोडं खायचं, मुलं तिथेच चुकतात.

दुरुस्तीचं सामान: प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर दोन, पॅच, अ‍ॅलन की ४, ५, ६, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, पंप. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. बाभळीचा काटा आत राहिला की नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते.

सी-१०४: आमचा धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्याला तर महू-जाम गेट झेपायचं नाही.

ए-१०२ (काका): त्याला गुलावटला न्या. गांधीनगर, हातोद, गुलावट. सगळं सपाट, यशवंतसागर तलावाच्या मागच्या पाण्यात कमळं, शेजारी बांबूची राई. मात्र सात-साडेसातच्या आत पोचा, नंतर गाड्यांची रांग लागते आणि तो रस्ता अरुंद आहे.

बी-३०१ (काकू): ठरलं मग. जाम गेटला येणाऱ्यांनी सायकलचं टायरचं माप आणि व्हॉल्वचा प्रकार आज रात्रीपर्यंत इथे टाका. माप टायरच्या बाजूला उठावदार अक्षरात छापलेलं असतं, फोटो टाकलात तरी चालेल. मी ट्यूब एकत्र मागवते.

सी-१०४: ७०० गुणिले २८, प्रेस्टा. दुसरी २७.५ गुणिले २.१, श्रेडर.

डी-२०३: ७०० गुणिले ३८, श्रेडर, दोन सायकली. पिकअपवाल्याशी बोलून उद्या सांगतो.