पाचवीच्या लेकरांना गाईडबाहेरचं काय लिहायला द्यावं?

सिंदफणाकाठ

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. नोकरीचं दुसरंच वर्ष. पट ३१ आहे, पण दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्ग अर्ध्यावर येतो.

मागच्या आठवड्यात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायला दिला. ३१ पैकी २२ वह्यांची सुरुवात एकच: आकाशात काळे ढग जमू लागले. पुढं सगळ्यांनी छत्री घेतली, सगळ्यांनी कागदी होड्या सोडल्या आणि शेवटी सगळ्यांच्या आईनं गरमागरम भजी केली. आमच्याकडं यंदा ऑगस्टचे १८ दिवस कोरडे गेले. सोयाबीन माना टाकून उभं होतं. वर्गात छत्री असलेलं एकच लेकरू आहे, आणि ती छत्रीही आजोबांची. एवढं सगळं डोळ्यापुढं असताना त्यातलं काहीही एकाच्याही वहीत आलं नाही.

मग ‘मी पक्षी झालो तर’ दिलं. सगळे पोपट झाले आणि उडत हिमालयात गेले. शाळेमागच्या लिंबावर एकही बसला नाही.

लेकरांकडं गोष्ट नाही असं मात्र मला कधीच म्हणवणार नाही. खिडकीजवळ बसणारी एक पोरगी आहे. मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट मांडीवर घेऊन ती कारखान्यावरच्या गोष्टी सांगते. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, रात्री शिरलेलं मांजर, टायरगाडीच्या बैलाला पडणारी स्वप्नं. खिचडी गार होते, पण ऐकणारं एक लेकरू जागचं हलत नाही. तिच्याच हातात पेन्सिल दिली की ती विचारते, ‘मॅडम, पहिली ओळ सांगा ना.’

हसू येईल, डोकं खाजवावं लागेल आणि गाईडात उत्तर सापडणार नाही, असं काय द्यावं? कुणी वर्गात करून पाहिलं असेल तर नेमकं कसं केलं तेही सांगा. मला खरंच फार गरज आहे.

खडूचा खोका

ताई, मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेत काढली, त्यातली बरीच अंबाजोगाईच्या डोंगरपट्ट्यात. हिमालयात जाणारे ते पोपट मलाही दर वर्षी भेटायचे.

‘पक्षी झालो तर’ हा विषय वाईट नाही, पण फार मोठा आहे. लेकराला अख्खं आभाळ दिलं की ते बावरतं आणि मळलेली वाट धरतं, आणि ती वाट गाईडातून जाते. आभाळ देऊ नका. रोज हाताळलेली एक वस्तू द्या आणि तिचा एकच खिळा ढिला करा.

माझ्याकडं खडूचे दोन रिकामे खोके होते. एकात वस्तूंच्या चिठ्ठ्या: चंबू, कंदील, सायकलचा पंप, तवा, एसटीचं तिकीट, बैलाची घुंगुरमाळ. दुसऱ्यात त्या वस्तूला कधीच येणार नाहीत अशा अडचणी: रुसून बसणे, रात्री चालणे, उसनवारी करणे, उंचीला घाबरणे, सोयरीक जमत नसणे. लेकरानं डोळे मिटून दोन्हीतून एकेक चिठ्ठी काढायची. उंचीला घाबरणारा तवा कुठल्या गाईडात सापडणार? चिठ्ठ्या मी लिहीत नसे, लेकरांकडूनच लिहून घेई. अट एकच, वस्तू घरातली नाहीतर शिवारातली. पहिल्याच दिवशी एकानं ‘विमान’ टाकलं. ते मी परत केलं आणि म्हणालो, तुझ्या घरी जे लोंबकळतंय ते लिही. त्यानं ‘शिंकाळं’ लिहून आणलं.

दुसरी गोष्ट अर्जाची. आपल्या लेकरांना लिहिण्याचा एक साचा तोंडपाठ असतो, तो म्हणजे अर्ज. प्रति, विषय, महोदय, आपला आज्ञाधारक. तो साचा मोडायचा नाही, त्यातच गंमत भरायची. एकदा वर्गाबाहेरच्या ढिगातली एक डावी चप्पल मी टेबलावर आणून ठेवली आणि म्हणालो, हिला मुख्याध्यापकांकडं अर्ज करायचाय, पण हिला लिहिता येत नाही. एका पोरानं लिहिलेला मला अजून पाठ आहे:

‘विषय: उजवीची बदली करणेबाबत. महोदय, वरील विषयी विनंती की उजवी चप्पल माझ्या पुढं पुढं चालते. मी पाऊल टाकले की ती परत पुढं. तीन वर्षात मी एकदाही पहिली आलेली नाही. तरी तिची बदली दूरच्या तालुक्यात करावी. आपली आज्ञाधारक, डावी, अंगठा तुटलेली.’

ते पोरगं त्याआधी चार ओळींच्या वर कधी गेलं नव्हतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात गावात रोज टँकर यायचा, लेकरांच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. मी फळ्यावर लिहिलं: टँकर आला, सगळे हंडे घेऊन पळाले, झाकण उघडलं तर आत पाणी नव्हतं. काय होतं? सात मिनिटं दिली. एकाच्या टँकरमधून बँडसकट वरात निघाली. एकीच्या टँकरात समुद्र होता, पण खारट, म्हणून बाया ड्रायव्हरवर चिडल्या. आणि आजीजवळ राहिलेल्या एका पोरानं, ज्याचे आईवडील तोडीवरून अजून परतले नव्हते, दोनच ओळी लिहिल्या: ‘आत माझी मम्मी होती. ती म्हन्ली हात दे.’ खाली नाव आणि तारीख. मी त्या वहीवर नुसती सही केली. त्या दिवशी कुणाचंच मोठ्यानं वाचलं नाही.

करताना काही पथ्यं पाळा. नमुना दाखवू नका. ‘समजा, आत हत्ती होता’ एवढं म्हणालात तरी वीस हत्ती आलेच. द्यायचीच असतील तर तीन उदाहरणं द्या आणि तिन्ही बाद करून टाका. लेकरं लिहितात तेव्हा तुम्हीही वही घेऊन त्यांच्यात बसा आणि लिहा. लाल पेन त्या दिवसापुरतं कपाटात. समासात शिसपेन्सिलीनं एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला मनापासून हवंय. डाव्या चपलेला मी विचारलं होतं, ‘यावर उजवीचं म्हणणं काय?’ दुसऱ्या दिवशी उजवीचा पानभर खुलासा आला.

तुमच्या खिडकीजवळच्या पोरीबद्दल सांगतो. ती पहिली ओळ मागते, कारण पहिली ओळ पुस्तकातलीच असते असं तिला वाटतं. तिला सांगू द्या आणि तुम्ही लिहा. ती ‘म्हन्ली’ म्हणाली तर ‘म्हन्ली’च लिहा, ‘म्हणाली’ करू नका. मग तिचंच तिला वाचून दाखवा.

गंजगोलाई

मी शिक्षिका नाही, लातूरची आई आहे. घरी दोन लेकरं. आम्ही दर शनिवारी एक खेळ खेळतो: आठवडी बाजार भरलाय, पण आज तिथं फक्त आवाज विकायला आलेत. तुम्ही काय घ्याल, कितीला घ्याल, आणि घरी नेऊन कुठं ठेवाल? मुलीनं गिरणीच्या पट्ट्याचा आवाज पावशेर घेतला आणि रात्री झोप यावी म्हणून उशीखाली ठेवला. धाकट्यानं एसटीच्या घंटीची दोरी ओढल्याचा आवाज चोरला, विकत घेतलाच नाही. मग त्याच्यावर चोरीची गोष्ट झाली, पोलीस आवाज शोधत घरी आले, त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं.

खोका गुरुजींच्या टँकरवरून आठवलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हे धाकट्याला सांगितलं. पाणी आलं तेव्हा तर तो जन्मलाही नव्हता. त्याचा पहिला प्रश्न: ‘ड्रायव्हरला रस्त्यात तहान लागली तर तो त्यातलं प्यायला का?’ मी म्हणाले, तूच लिही. त्यानं ड्रायव्हरला साडेतीनशे किलोमीटर तहानलेलं ठेवलं आणि लातूर स्टेशनवर एका म्हातारीनं तिच्या तांब्यातलं पाणी त्याला पाजलं. गावात, घरात खरंच घडलेलं काहीतरी द्या आणि त्यातला एक प्रश्न लेकरावर सोडा, एवढंच मला जमलंय.

ऱ्हस्वदीर्घ

मी हायस्कूलला मराठी शिकवतो, त्यामुळं थोडं वेगळं बोलतो. ही लेकरं पुढं आमच्याकडं येतात. गोष्ट सुंदर सांगतात आणि ‘आणि’ सुद्धा चुकीचं लिहितात. दहावीला त्याचे गुण जातात, आणि गुण जातात ते शिकवणी लावू न शकणाऱ्या लेकराचेच. ‘म्हन्ली’ तसंच ठेवा हे मला कळतं, पण ते कायमचं ठेवून कसं चालेल?

खडूचा खोका

सर, तुमची काळजी खरी आहे. मी दोन वह्या करायचो. गोष्टीच्या वहीला लाल शाई लागायची नाही. महिन्याअखेर प्रत्येक लेकरू स्वतःला आवडलेली एक गोष्ट निवडायचं आणि भिंतीवर लावण्यासाठी स्वच्छ उतरवायचं. त्या वेळी मी शेजारी बसून एकेक वेलांटी दाखवायचो. भिंतीवर सगळं गाव वाचणार, म्हणून लेकरू स्वतःच विचारायचं, ‘गुरुजी, हे दीर्घ ना?’ त्यातही पात्रं बोलतात ते बोलीतच राहू द्यायचं. ‘हात दे’च्या आधीचं ‘म्हन्ली’ मी सुधारलं असतं तर ती आई त्या पोराची राहिली नसती.

ऱ्हस्वदीर्घ

दोन वह्यांचं पटलं. उद्यापासून आठवीला करतो.

कयाधू

हिंगोली जिल्ह्यातून. आमच्या लेकरांना औंढा नागनाथाच्या देवळाची कथा घरोघर ऐकून माहीत असते: नामदेवांना देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला गेले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. सहलीला गेलो की मागं राहिलेला नंदी लेकरं बोटानं दाखवतात. मी त्यांना विचारलं, देऊळ फिरत होतं तेव्हा आत भिंतीवर एक पाल होती, तिला काय वाटलं? आणि नंदीला कुणी सांगितलं का? नामदेवांवर सगळ्यांनी तेच लिहिलं असतं, पालीवर प्रत्येकाचं निराळं आलं. मोठ्या गोष्टीतला सगळ्यात दुर्लक्षित जीव निवडायचा, लेकरं त्याची बाजू फार मनापासून घेतात.

आमच्या वर्गात तांड्यावरची सहा लेकरं आहेत. पालीला आईची आठवण आली असं लिहिताना एका पोरीनं ‘याडी’ लिहिलं आणि खोडलं. मी म्हणालो, ठेव, पाल गोरमाटी, म्हणजे तुमची बंजारा बोली, बोलते असं समजू. त्यानंतर तिच्या गोष्टीत सगळी जनावरं गोरमाटी बोलतात आणि माणसं मराठी. बाकीची लेकरं अर्थ विचारायला तिच्याकडं जातात.

नाथसागर

पैठणचा आहे म्हणून एवढंच सांगतो. एकनाथ महाराजांनी भारुडात हेच केलं. कधी वासुदेव झाले, कधी जोशी, कधी विंचू चावलेला माणूस, आणि त्या त्या माणसाच्या तोंडून बोलले. लेकराला ‘तुझे विचार लिही’ म्हणण्यापेक्षा ‘आज तू कंडक्टर आहेस, गावातली बातमी तिकीट फाडता फाडता सांग’ म्हणा. दुसऱ्याचा सदरा अंगात घातला की लाज जाते.

शाळेत नेट असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आठवड्यातून एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवत जा. लिहायला लागण्याआधी कान भरलेले असले की फार फरक पडतो.

सिंदफणाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. दोन्ही खोके झाले. सगळं जमलं असं नाही. पहिल्या दिवशी सात मिनिटांत नऊ वह्या कोऱ्या राहिल्या आणि मी घाबरून नमुना सांगून बसले, मग माझ्यासारखेच अकरा रुसलेले कंदील आले. दुसऱ्या दिवशी तोंड मिटून त्यांच्यात बसून लिहिलं. मला स्वतःला तीनच ओळी सुचल्या. ते लेकरांनी बघितलं, आणि मग कोऱ्या वह्या दोनच राहिल्या.

बाजाराचा खेळ सगळ्यात रंगला. एका पोरानं त्याच्या आज्याचा खोकला विकायला काढला, ‘घेऊन जा, पण सकाळी परत आणा, नाहीतर आज्या मला उठवणार कसा.’

आणि खिडकीजवळची. तिनं सांगितलं, मी लिहिलं, जसंच्या तसं:

‘आमच्या सर्ज्याला सपान पडलं. सपनात सर्ज्या गाडीत बसलेला आन गाडी पप्पा वडत व्हते. सर्ज्या म्हन्ला, दमलाव का? पप्पा म्हन्ले, न्हाई. खोटंच म्हन्ले. मंग सर्ज्या गुपचूप खाली उतरला आन मागून ढकलू लागला.’

वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘हे मी म्हन्ले?’ आणि वही माझ्या हातातून घेऊन पुढचं स्वतः लिहायला बसली. मधली सुट्टी झाली तरी उठली नाही. समासात मी विचारलंय, ‘पप्पांना कळलं का?’ उत्तर अजून यायचंय.

परवा तिची टोळी निघते. एक शंभरपानी वही आणि चाळीस चिठ्ठ्या पिशवीत घालून देतेय, आठवड्याला दोन धरल्या तरी मार्चपर्यंत पुरतील. अजून काय द्यावं?

खडूचा खोका

त्यातल्या दहा चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा. आणि दोन पेन्सिली जास्तीच्या द्या, कोपीत शेजारची लेकरं मागतील.