मदत हवी आहे: बुकिंगनंतर दर वाढले, गेटवर फरक भरावा लागेल का?

नागपूरजवळच्या एका जंगलात (ताडोबा नाही, पेंचही नाही) डिसेंबरात तंबूत एक मुक्काम आणि सकाळची सफारी ठरवली आहे. आम्ही सहा जण, एकच जिप्सी. पैसे ऑनलाइन पूर्ण भरलेत, पावती आहे. त्यानंतर प्रवेश, जिप्सी, तंबू सगळ्यांचेच दर वाढले.

हेल्पलाइनवर तीनदा फोन केला. एकदा 'जुनाच दर लागेल', एकदा 'गेटवर बघू', तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. 'गेटवर बघू'चीच धास्ती आहे. नवीन दरपत्रकात जुन्या बुकिंगबद्दल अवाक्षर नाही. मुलांच्या सुट्ट्यांमुळे तारीख बदलता येणार नाही.

वाढीव पैसे गाईड, वनमजुरांपर्यंत पोचणार असतील तर देऊही. पण दरवाढीनंतर जुन्या पावतीवर कुणी गेलंय का? फरक घेतला का, आणि घेतला तर त्याची पावती दिली का?